पूर गेल्यावर घरातल्या माणसाला कसं सांभाळायचं

पाणी उतरायला लागलं की आरोग्य खात्याची कामं ठरलेली असतात. विहिरीत आणि टाक्यांत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, घरोघरी लेप्टोसाठी (उंदराच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यातनं होणारा ताप) डॉक्सीच्या गोळ्या, गाळात पाय कापलेल्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन, जुलाब-उलटीच्या पेशंटचा रोजचा रिपोर्ट. मी पलूस आणि मिरज तालुक्यांत कृष्णाकाठच्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. 2005 चा पूर बघितला, 2019 चा बघितला, 2021 चा कोरोनाच्या धामधुमीत निवृत्तीच्या तोंडावर बघितला. ही कामं महिन्या-दीड महिन्यात उरकतात. साथ आली नाही म्हणून वरपासून खालपर्यंत सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग दिवाळीच्या आसपास उपकेंद्राच्या दारात वेगळीच माणसं यायला लागतात. कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाला मुंग्या येतात, कुणाला रात्र रात्र झोप नाही. बीपी बघावा तर बरोबर. ईसीजी काढून आणलेला असतो, तोही बरोबर. पाण्याचा विषय स्वतःहून कुणीच काढत नाही.

हे लिहितेय ते त्या दिवसांसाठी, आणि घरच्यांसाठी. मदतीचे टेम्पो परत गेलेले असतात, गावात कुणी बाहेरचं उरलेलं नसतं, तेव्हा माणसाकडं बघायला घरचे आणि शेजारचेच असतात. पुरातनं बाहेर पडलेल्या माणसाला “मन कसं आहे” विचारून काही हाती लागत नाही, असा माझा अनुभव. त्याचा दिवस कसा जातो ते बघायचं, आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत बघत राहायचं.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत मनासाठी म्हणून वेगळं काही करू नका. कोरडे कपडे, गरम चहा, मोबाईलला चार्जिंग, आणि आपली माणसं कुठं आहेत याची खात्रीची बातमी. एवढं मिळालं की निम्मी माणसं थाऱ्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शन काढलं, त्याचा गाभा तीन गोष्टींचा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला काय हवंय ते पाहा, बोलेल तेवढं ऐका, आणि जिथून मदत मिळेल तिथं नेऊन जोडून द्या. यात “बोलतं करा” असं कुठंही नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण 2019 ला आमच्या भागातल्या एका शाळेतल्या छावणीत मोठ्या शहरातनं आलेल्या एका गटानं बायकांना गोल करून बसवलं आणि एकेकीला “त्या रात्री काय काय झालं ते सांगा” म्हणून बोलायला लावलं. हेतू चांगलाच होता. पण ज्यांनी अजून चूल पेटवलेली नाही, त्यांना ती रात्र परत उगाळायला लावून काय मिळवलं? संध्याकाळी त्यातल्या दोघी जेवल्या नाहीत. असं एका बैठकीत सगळं बाहेर काढायला लावणं उपयोगाचं नाही, उलट काहींना त्रासाचं होतं, हे त्या क्षेत्रातल्या लोकांनी फार आधीच तपासून सांगितलंय. स्वतःहून कुणी बोललं तर हातातलं काम ठेवून ऐका. नाही बोललं तर शेजारी बसून शेंगा फोडा.

काही वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. “जीव वाचला हे काय कमी आहे?” हे प्रत्येक पाहुणा म्हणतो. जीव वाचला हे त्या बाईला माहीत असतं, पण तिच्या ज्वारीच्या पोत्यांना कोंब फुटलेत आणि त्याचं दुःख तिनं करायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. दुसरं, “त्या ब्रह्मनाळच्या लोकांचं बघ.” 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला पुरातनं माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि बायका-पोरं गेली. ज्यांची गेली त्यांच्या दुःखाचा उपयोग दुसऱ्याचं तोंड बंद करायला करू नये. आणि “देवाची मर्जी” हे पीडितानं म्हटलं तर मान हलवावी, आपण होऊन म्हणू नये.

त्याऐवजी कागद बघा. हा सल्ला ऐकून लोक हसतात. मन राहिलं बाजूला, ही बाई पंचनाम्याचं काय सांगतेय! पण पूर येऊन गेल्यावर माणूस खचतो तो बऱ्याचदा त्यानंतरच्या खेट्यांनी: पासबुक भिजलं, आधार सापडत नाही, रेशनकार्डाचा लगदा झाला, यादीत नाव नाही, नाव आहे तर खातं चुकलंय. घरातल्या शिकलेल्या पोराला एकच काम द्या. एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये प्रत्येक कागदाची स्थिती लिहायची: आहे, भिजलाय, नवा काढायला टाकलाय, पोच अमुक ठिकाणी. घराचे, गोठ्याचे, शेताचे फोटो साफसफाई करायच्या आधी काढून ठेवायचे. ज्याच्या घरी ही फाईल तयार असते त्याची झोप लवकर परत येते, हे मी घरोघर फिरताना बघितलंय.

विचारल्याशिवाय काही फेकू नका

साफसफाईला तरणी पोरं येतात, धडाधड गाळ उपसतात. फार मोठं काम करतात, त्यात वाद नाही. पण एका घरात त्यांनी गाळानं भरलेली लोखंडी ट्रंक उचलून थेट ट्रॉलीत टाकली. त्या वहिनींचा फ्रिज गेला, टीव्ही गेला, त्याचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. त्या ट्रंकेत आईचं इरकल लुगडं आणि लग्नाचा अल्बम होता. पुढं कितीतरी महिने मी लसीकरणाला गेले की त्या म्हणायच्या, “सिस्टर, निदान मला उघडून तरी बघू द्यायची होती.” म्हणून साफ करायला जाताना दारात एक जागा ठेवा. तिथं संशयास्पद सगळं काढून ठेवायचं, आणि टाकायचं की नाही ते घरच्या बाईनं ठरवायचं. एक दिवस जास्त गेला तर जाऊ दे.

अल्बम भिजलेला असेल तर वाळवून मग सोलायला जाऊ नका, फोटो एकमेकांना चिकटून सालं निघतात. ओला असतानाच स्वच्छ गार पाण्याच्या परातीत बुडवून ठेवा, हळूहळू सुटे होतील तसे काढा, परत एकदा स्वच्छ पाण्यातनं काढून सावलीत कापडावर, चित्राची बाजू वर करून पसरा. उन्हात टाकलेत तर वळतात. सगळे वाचत नाहीत. दोन-चार वाचले तरी घरात त्या दिवशी कुणीतरी हसतं.

किती दिवस वाट बघायची

पहिले तीन-चार आठवडे दचकून उठणं, पाण्याचं स्वप्न पडणं, उगाच रडू येणं, चिडणं, जेवण न जाणं, हे सगळं चालायचंच. त्याला आजार म्हणायचं नाही आणि कुणी म्हटलं तर घाबरायचं नाही. बहुतेक माणसं घर लागलं, चूल पेटली, शाळा सुरू झाली की सावरतात. महिना उलटून गेल्यावरही तेच प्रसंग डोळ्यांपुढं येत राहिले, त्या जागेकडं जाणं माणूस टाळू लागला, सतत कान टवकारलेले आणि झोप उडालेली असली, आणि त्यापायी कामधंदा अडायला लागला, की डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात त्याचा विचार करावा लागतो. सगळ्यांना तेच होतं असंही नाही. काहींना नुसती उदासी धरते, काहींना जिवाला घोर लागतो, काहींची दारू वाढते. आणि काहींचं सगळं अंगावरच निघतं: पाठ, डोकं, पोट.

हे टिकतं किती? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात 1972 मध्ये बफेलो क्रीक नावाच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणीचा बांध फुटून पूर आला, 125 माणसं गेली. तिथल्या वाचलेल्यांना 14 वर्षांनी परत तपासलं तर बरीच माणसं सावरलेली होती, पण चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांना तेव्हाही त्रास होताच. एका प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या हेळवाकच्या. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन आलेल्या. शेवटपर्यंत त्यांनी रात्री आतली कडी लावू दिली नाही, आणि उसाचा ट्रॅक्टर घरावरनं गेला की भांड्यांच्या मांडणीकडं बघायच्या. पण त्यांनी पाच पोरं वाढवली, भात लावला, वारी केली. त्यांना आजार होता असं मी म्हणणार नाही. खूण राहिली, दिवस अडला नाही. याच्या उलट, आमच्या गावात एक धडधाकट माणूस पुरानंतर नदीच्या बाजूच्या रानात पाय ठेवेना. रान पडीक पडलं. त्याचा दिवस अडला होता. घरच्यांनी बघायचं ते एवढंच: दिवस अडतोय का?

विचारायचं कसं

“टेन्शन आलंय का?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “न्हाई ओ, आपलं बरं हाय.” म्हणून चार साध्या गोष्टींवरनं जा: झोप, जेवण, काम आणि माणसं. रात्री कितीला डोळा लागला, मध्ये किती वेळा उठलात, परत झोप लागली का? भाकरी किती खाल्ली, आधी किती खायचात? कालच्या दिवसात काय काय काम झालं? आठवड्यात कुणाकडं गेलात, कोण आलं?

एका घरी मी असंच विचारत होते. दोन्ही म्हशी दावणीलाच गेलेल्या. काकू म्हणाल्या, “च्यारला जाग येतीच बघा सिस्टर. चरवी घिऊन गोठ्यापतूर जाते, मग ध्यानात येतंय म्हशी न्हाईत. मग तितंच बसत्ये उजाडूस्तवर.” मन कसं आहे विचारलं असतं तर त्या “बरं हाय” म्हणाल्या असत्या. चारला काय करता विचारलं म्हणून हे निघालं. त्यावर उपाय काही मोठा केला नाही. शेजारणीची एक म्हैस पिळायला त्यांनी जायचं ठरलं, बदल्यात अर्धा लिटर दूध. चारला उठायचं, चरवी घ्यायची, पण रिकाम्या गोठ्यात न बसता शेजारच्या गोठ्यात जायचं. नुकसानभरपाईतनं म्हैस यायला फार उशीर लागला, तोवर हे चाललं. जनावर गेल्याचं दुःख माणसाच्या दुःखापुढं हलकं धरतात आपल्याकडं. धरू नका. दिवसाचं सगळं वेळापत्रक त्या जनावराच्या भोवती असतं.

झोपेसाठी घरी करता येण्यासारखं: दुपारी लवंडायचं नाही, उठायची वेळ एकच ठेवायची, दिवस मावळल्यावर चहा बंद. झोप येईना तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं. दचकून उठलेल्याला “काही नाही, झोप” म्हणू नका. दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, तोंडावर गार पाणी मारू द्या, आणि साधं विचारा: आज वार कुठला, आपण कुठं आहे, बाहेर पाऊस आहे का? श्वास आत घ्यायला लावण्यापेक्षा सावकाश सोडायला लावा. पुरानंतर पत्र्याची घरं वाढली, आणि पत्र्यावर साधी सर आली तरी ढोल वाजवल्यासारखा आवाज येतो. एका घरात पत्र्याखाली जुनी पोती शिवून ताणून बसवली. आवाज निम्म्यानं उतरला आणि पोरगी आईला न चिकटता झोपायला लागली. मानसोपचाराच्या पुस्तकात हे सापडणार नाही, पण करून बघा.

पोरं

पोरं पूर-पूर खेळतात. कागदाच्या बोटी, “पाणी आलं, पाणी आलं, माळ्यावर चढा!” मोठ्यांना ते अभद्र वाटतं, पाठीत धपाटा घालतात. खेळू द्या. ती त्यांची समजून घ्यायची पद्धत आहे. महिना होऊन गेला तरी खेळ जसाच्या तसा, त्यात हसणं नाही, शेवटी सगळे बुडतात आणि पोरगं त्यानंतर घाबरंघुबरं होतं, तर मात्र लक्ष घाला. मोठं पोरगं परत अंथरूण ओलं करायला लागलं, अंगठा चोखायला लागलं, शौचालयाला एकटं जाईना, तर लाज काढू नका. काही आठवड्यांत बहुतेकांचं थांबतं.

त्यांना खरं सांगा, थोडक्यात सांगा. “परत पूर येणारच नाही” असं वचन देऊ नका. कृष्णाकाठी राहतो आपण, पुढच्या पावसाळ्यात खोटं पडलात तर तुमच्या शब्दावर भरवसा राहणार नाही. “पाणी येऊ शकतं, पण या खेपेला आपण आधीच मावशीकडं जाणार” असं सांगा. शाळा लवकरात लवकर सुरू करा, वह्या-दप्तर मागनं येईल. आणि टीव्हीवर तीच ती पुराची दृश्यं दिवसभर चालू असतात, ती बंद करा. लहान पोराला ते परत परत आत्ता घडतंय असं वाटतं.

म्हातारी माणसं

आप्पांनी धसका घेतलाय, असं एका घरचे सांगत होते. रोज सकाळी पारावर पेपर वाचून चार जणांना बातम्या सांगणारा माणूस पुरानंतर घराबाहेर पडेना, बोलेना, जेवेना. पोरानं मला बोलावलं. मी आप्पांजवळ बसले तर ते तोंडावर हात धरून बोलले. कवळी पुरात गेली होती आणि चष्माही. दिसत नाही म्हणून पेपर नाही, कवळी नाही म्हणून पारावर जायची लाज, आणि भाकरी चावत नाही म्हणून जेवण नाही. मिरजेला जाऊन चष्मा केला, कवळीचं माप दिलं. आप्पा पारावर दिसायला लागले. सगळ्यांचा धसका चष्म्यानं जाणार नाही हे मलाही कळतं, पण आधी चष्मा, कवळी, कानाचं मशीन, काठी आणि बीपी-शुगरच्या गोळ्या बघा. गोळ्या पुरात गेल्या की आठवडाभरात म्हातारं माणूस भलतंच बोलायला लागू शकतं, आणि घरचे म्हणतात पुरानं डोकं फिरलं. एकाएकी असं झालं, दिवस-रात्रीचं भान सुटलं, तर मनाचं म्हणून वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पुरुष, दारू आणि औषधाची बाटली

इथं मी जास्त वेळ घेणार आहे. बायका निदान डोकं दुखतंय म्हणून उपकेंद्रात येतात. गडीमाणसं येतच नाहीत. त्यांचं कळतं ते असं: पूर्वी शनिवारी प्यायचा तो रोज पितो, पोरांवर हात उगारतो, सोसायटीच्या कर्जाचं नाव काढलं की उठून जातो, ऊस आडवा झालाय, हळदीचं बेणं कुजलंय, तरी रानाकडं फिरकत नाही. घरचे त्याला आळशी ठरवतात.

काही बोलण्यांकडं दुर्लक्ष करू नका. “माझं आता काय खरं न्हाई.” “पोरांकडं बघा म्हंजे झालं.” कुणाची उसनवारी एकाएकी फेडणं, कागद कुठं आहेत ते बायकोला समजावून सांगणं, बऱ्याच दिवसांच्या उदासीनंतर अचानक शांत होणं. असं काही दिसलं तर सरळ विचारा, आडून नाही: “जीव द्यायचा विचार येतो का मनात?” विचारल्यानं डोक्यात नसलेलं घुसतं, ही समजूत चुकीची आहे. मी हा प्रश्न विचारलाय, आणि बहुतेक वेळा समोरच्याचे खांदे उतरलेत, कुणीतरी विचारलं म्हणून. “हो” म्हणाला तर उपदेश सुरू करू नका, “पोरांचा तरी विचार कर” हे तर मुळीच नको. त्यानं तो केलेलाच असतो, आणि आपण ओझं आहोत या निष्कर्षाला तो आलेला असतो. त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तणनाशक, कीटकनाशक घरातनं हलवा. आपल्याकडं हे डबे पलंगाखाली, देवळीत, गोठ्याच्या आढ्यावर असतात. अशा घरात ते भावाकडं, शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा, लागेल तेव्हा लागेल तेवढंच आणा. जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळेत हाताशी बाटली नसली तर माणूस वाचतो. मला विचाराल तर या सगळ्या लिखाणातलं एवढं एक केलंत तरी चालेल.

माणूस सापडलंच नाही तर

पुरात किंवा दरडीखाली गेलेला माणूस कधी कधी हातीच लागत नाही. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळेवर दरडी कोसळल्या, तेव्हा ढिगाऱ्याच्या कडेला दिवसेंदिवस थांबलेली माणसं सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. मृतदेह मिळालेला नसताना घरच्यांना रडताही येत नाही आणि आशाही सोडवत नाही. अशा वेळी दिवस घालायचे की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं. भावकीनं घाई करू नये आणि अडवूही नये. दर्भाची प्रतिकृती करून विधी करतात, ज्याला करायचं त्याला करू द्या. सहा महिने होऊन गेले तरी माणूस त्या एका दिवशीच अडकून राहिला, जेवणखाण, कामधाम सगळं थांबलं, तर त्यालाही उपचार आहेत. “काळ गेला की होईल” म्हणून सोडू नका.

पुढचा पावसाळा

सांगलीत पाऊस लागला की रामराम घालायच्या आधी लोक विचारतात, “आयर्विनला किती?” कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी, 45 धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ज्यांनी ते बघितलं त्यांना 30 चा आकडाही पुरेसा असतो. नागपंचमीच्या दिवशी 2019 चं पाणी चढत होतं, म्हणून आमच्याकडं काही बायकांना पंचमी जवळ आली की अजूनही छातीत गोळा येतो. त्या दिवसांत चिडचिड, जागरण, जुनी दुखणी परत निघणं होतंच. आधीच सांगून ठेवा घरात, “पंचमीच्या आसपास आईला त्रास होतो, त्या आठवड्यात तिच्याबरोबर कुणीतरी राहायचं.”

पातळी बघायचं काम घरातल्या एकालाच द्या, सकाळ-संध्याकाळ, प्रशासनाच्या आकड्यांवरनं. कोयनेचा विसर्ग किती, आयर्विनला किती, बस्स. व्हॉट्सअपवर कोयना फुटली, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं दार बंद केलं, असलं काहीबाही रात्रभर फिरत असतं, तो ग्रुप पावसाळ्यापुरता म्यूट करा.

आणि मे महिन्यातच ठरवून टाका: किती फुटाला कोण निघायचं, जनावरं कुठल्या पाहुण्याकडं, कागदांची फाईल कुणाच्या हातात, गोळ्या-चष्मा कुठल्या पिशवीत. हे नुसतं पुराचं नियोजन नाही. हात-पाय गाळून बसलेल्या माणसाला करण्याजोगं काहीतरी मिळतं, त्यानं भीती खाली येते. ज्याला घरातनं निघावं लागेल याचीच धास्ती असते, त्याच्याकडंच जनावरांची गाडी ठरवायचं काम द्या.

नदीची भीती बसलेल्यांना ओढून घाटावर नेऊ नका. “एकदा पाण्यात ढकलला की भीती जाईल” असं म्हणणारा एखादा मामा प्रत्येक घरात असतो, त्याला आवरा. हळूहळू जायचं. हिवाळ्यात, पाणी शांत असताना, सोबतीला विश्वासाचं माणूस घेऊन. आधी नुसतं देवळापर्यंत, दर्शन घेऊन परत. छातीतली धडधड उतरेपर्यंत तिथंच बसायचं, पळून यायचं नाही. ते जमलं की घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत. आमच्याकडच्या एका बाई अशा टप्प्याटप्प्यानं गेल्या आणि पुढं संक्रांतीला त्यांनी कृष्णामाईची ओटी भरली. कुणाला हे जमत नसेल तर जबरदस्ती नको, तिथं डॉक्टरांची मदत लागते.

डॉक्टरकडं न्यायचं तर

“वेड्याच्या डॉक्टरकडं” म्हटलं की माणूस उंबऱ्याबाहेर पडत नाही. “झोपेचं औषध विचारून येऊ” म्हणा, ते खोटंही नाही. सांगलीच्या सिव्हिलला आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत, सातारकरांना जिल्हा रुग्णालय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडनं चिठ्ठी घेऊन गेलात तर शोधाशोध कमी होते. आणि गर्दीत बोलता येत नसेल तर 14416 ला फोन लावा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा, 2022 पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जिवाचंच काही असेल तर फोनवर बसू नका, 108 ची गाडी बोलवा.

शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या मात्र देऊ नका. पहिल्या महिन्यात तर तसल्या गोळ्यांनी फायद्यापेक्षा अडचणच जास्त होते, आणि सवय लागते ती वेगळीच. डॉक्टरांनी उदासीवर दिलेल्या गोळ्या वेगळ्या. त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी “काय फरक न्हाई” म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. गोळीशिवायचेही उपचार आहेत, बोलून करायचे, आघातासाठी खास तयार केलेले. पण ते शिकलेल्या माणसाकडनंच.

देवऋषाकडं जायचं म्हणत असतील तर भांडू नका. मी सांगायचे, औदुंबरला जा, दत्ताला नारळ ठेवा, आणि येताना मिरजेची गाडी पकडा. अंगारा आणि गोळी एकमेकांना आड येत नाहीत. फक्त कुणी मारहाण, उपाशी ठेवणं, चटके असलं काही सांगत असेल तर तिथनं उठून यायचं.

राहिले ते मदत करणारे. बोटीतनं माणसं काढणारी पोरं, आशाताई, तलाठी, सरपंच, मेलेली जनावरं ओढून काढणारे कामगार. 2019 नंतर आमच्याकडच्या एका आशाताईचं स्वतःचं घर गाळात होतं, आणि ती दुसऱ्यांच्या घरी गोळ्या वाटत होती. अशांना “वाघ आहेस गड्या” म्हणून सत्कार करतात, नारळ देतात आणि विसरतात. त्यांनाही वर सांगितलेले झोपेचे, जेवणाचे प्रश्न विचारा. बोटीवरची पाळी एकाच पोरावर सलग टाकू नका. पूर ओसरल्यावर त्याला चार दिवस बहिणीकडं नाहीतर मामाकडं, जिथं नदी नाही अशा गावाला पाठवा, आणि तिथं त्याला पुराचं काही विचारू नका म्हणून आधीच फोन करून ठेवा.